होडीला तोंड कोणी काढलं

सरकारनं काही न मागता दिलं की मी मागे काय लपवलंय ते पाहते. मागितल्यावर दिलं तर जास्तच पाहते. म्हणून आमच्या धरणावर नवी होडी आली त्या दिवशी सगळं गाव काठावर उभं राहून टाळ्या वाजवत होतं आणि मी गुडघाभर पाण्यात उतरून होडीचं पोट तपासत होते. एका बाजूला निळ्या रंगाखाली कमळाचं चित्र पुसट दिसत होतं. म्हणजे ही होडी आमच्यासाठी बनलेलीच नव्हती. कुठल्या तरी बागेतल्या तळ्यात हौशी लोकांना फिरवून झाली, जुनी झाली, मग आम्हाला आली. रंगाचा एक हात मारला की झाली नवी.

आम्ही मागितला होता पूल. पत्रक मीच लिहिलं होतं, जळगाव जामोदला छापून आणलं होतं, बाजाराच्या दिवशी बसस्टँडवर वाटलं होतं. धरणानं आमच्या गावाचे दोन तुकडे केले. वरच्या काठावर पुनर्वसनाची वस्ती, तिथंच शाळा, तिथंच पंचायत, तिथंच दवाखाना. खालच्या काठावर उरलो आम्ही. आमची बौद्धांची गल्ली, मासे धरणारी काही मुसलमान घरं आणि बागायतदारांचं थोरलं घर. आम्ही राहिलो कारण आमच्या वाट्याला वरचे प्लॉट आले ते खडकावरचे. थोरलं घर राहिलं कारण त्यांची केळीची बाग बुडाली नाही. एकाच काठावर राहण्याची ही दोन वेगळी कारणं आहेत, हे बाहेरून आलेल्या पत्रकारांना कधी दिसलं नाही. रस्त्यानं जायचं तर धरणाच्या भिंतीला मोठा वळसा, आणि त्या रस्त्यावर एसटी येत नाही.

होडी देणारे साहेब मात्र खूश होते. हार घातलेले, घामानं भिजलेले.

"पाहा, दोन्ही टोकं अगदी सारखी," ते म्हणाले. "पुढं-मागं ही भानगडच नाही. तुमच्या घाटावर होडी फिरवायला जागा नाही ना? मग फिरवूच नका. जिकडं जायचं ते पुढचं टोक."

हे खरं होतं. आमचा खालचा घाट म्हणजे बुडालेल्या जुन्या गावठाणाची भिंत एकीकडं आणि पाण्यातले बाभळीचे खुंट दुसरीकडं, मध्ये बोळ. वरचा घाट याहून बरा नाही.

"पण साहेब," आमच्या गल्लीतला एक जण मागून ओरडला, "हे होडी येऊन राह्यली का जाऊन राह्यली, हे आमाले काठावरून कसं समजाव?"

"वल्हवणाऱ्याची पाठ जिकडं, तिकडं होडी जाते."

"म्हणजे सरकारसारखंच हाये," तो म्हणाला. सगळे हसले. साहेबसुद्धा हसले. मी हसले नाही. साहेब हसतो तेव्हा तो निघण्याच्या बेतात असतो.

आता माझ्या मायचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. माय वरच्या काठावरच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. हे काम तिला मिळालं तेव्हा दुसरं कोणी करायला तयार नव्हतं. चूल धुराची, पोरं भरपूर, पाणी हापशीवरून आणायचं. पुढं गॅस आला, नळ आला, आणि मग बऱ्याच जणांना ते काम आवडू लागलं. आणखी एक गोष्ट होती, जी कोणी बोलत नव्हतं. काही घरची पोरं मधल्या सुट्टीत डबा घरून आणायची. "आमच्या पोट्ट्याले खिचडी पचत नाही," असं त्यांच्या आया सांगायच्या. त्याच पोट्ट्याला लग्नाच्या पंगतीत मठ्ठा, बुंदी, वांग्याची भाजी सगळं पचायचं. खिचडी नेमकी माझ्या मायच्या हातचीच का पचत नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यामुळे मायनं एका गोष्टीत कधी खोट ठेवली नाही. तिला उशीर होत नसे. उशीर ही एकच गोष्ट होती जी ते उघड बोलू शकले असते.

या होडीआधी आमचा लाकडी डोंगा होता, त्याला नाक होतं, म्हणजे ठरलेलं पुढचं टोक. नाकाजवळची फळी कोरडी, रुंद. तिथं थोरल्या घरचे काकाजी बसायचे. सगळा गाव त्यांना काकाजी म्हणतो. ते रोज सकाळी पलीकडं पारावर पेपर वाचायला आणि पंचायतीत कोण काय बोललं ते ऐकायला जायचे. मागच्या बाजूला डोंगा झिरपायचा, तिथं आमची गल्ली. पायाखाली पाणी, हातात चपला. असं बसा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. मी एकदा विचारलं तर सगळे म्हणाले, "सांगाव कायले? बसतेच ना सारे तसे."

नव्या होडीत पहिले काही दिवस मजा झाली. कुठं बसायचं हेच कोणाला कळेना. जो आधी चढला तो आत सरकला. काकाजी जाताना पुढच्या टोकाला बसले, छान बसले. येताना तेच टोक मागे झालं आणि आमची गल्ली पुढं. हे त्यांच्या लक्षात आलं ते मध्यावर. त्यांनी आधी आमच्या पाठींकडं पाहिलं, मग पाण्याकडं, मग उठले.

"काकाजी, बसा!" होडी चालवणारे चाचा ओरडले. "बसा, बसा, उलटन!"

होडी एका अंगाला कलली. बायका किंचाळल्या. काकाजी बसले, पण उलटे बसले. म्हणजे आम्ही सगळे घराकडं तोंड करून आणि काकाजी एकटे आल्या वाटेकडं तोंड करून, जणू होडी तिकडंच चालली आहे.

"काकाजीची होडी वापस चालली वाटते," माझ्या शेजारची काकू पदरात बोलली. मायनं तिला कोपरानं ढोसलं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी घाटावर गेले तर होडीच्या एका टोकाला शेंदूर फासलेला. स्वस्तिक, झेंडूचा हार, खाली लिंबू-मिरच्या. दुसरं टोक तसंच निळं, कोरं.

"पूजा केली होडीची," काकाजींचा गडी म्हणाला. "आता हे तोंड झालं. पूजेचं टोक पुढंच पाह्यजे. देवाले मागं ठेवता का तुमी?"

मी हे ऐकून तिथंच उभी राहिले. डोकं चांगलंच चाललं होतं कोणाचं तरी. काकाजींना पुढं बसायचं आहे, असं म्हटलं असतं तर मी त्या दिवशीच पत्रक काढलं असतं. देवाला पुढं ठेवायचं आहे म्हटल्यावर पत्रक कोणाविरुद्ध काढू? मी बोलले असते तर गोष्ट देवाची झाली असती, आणि पूल, होडी, बसायची जागा, सगळं त्यात बुडालं असतं.

तेव्हापासून चाचा प्रत्येक फेरीला होडी फिरवू लागले. जी होडी फिरवायची गरज नाही म्हणून आणली, ती. बोळात फिरत नाही, म्हणून काठ सोडला की आधी गावठाणाच्या भिंतीपल्याड मोकळ्या पाण्यात न्यायची. तिथं वारा. भरलेली होडी वाऱ्यात गोल फिरवायची म्हणजे चाचा घामाघूम, आम्ही सगळे डोळे मिटून. मग परत वाटेला लागायचं. वरच्या काठावरून निघतानाही तेच. सकाळी आधी दुधाच्या कॅनची फेरी जायची, त्यात माणसं घेत नाहीत. ती फेरी शेंदराच्या टोकासाठी जाताना फिरायची, येताना फिरायची, आणि मग कुठं मायची फेरी. मायला उशीर होऊ लागला.

मी चाचांना गाठलं. ते जाळं उकलत बसले होते.

"चाचा, तुम्ही काऊन ऐकता त्यांचं?"

"तू सांग बेटा, नाही ऐकू तं काय करू?"

"फिरवू नका. होडी सरकारची हाये."

"होडी सरकारची हाये. घाट कोणाच्या बांधाले लागून हाये?"

घाट काकाजींच्या बांधाला लागून होता. चाचांची जाळी तिथंच वाळायची.

"म्हणजे तुम्हाले पटते हे?"

"मले काय पटते, ते कोणं विचारलं? आज तू पयली." ते हसले. "अन् तू बी पत्रकात लिहासाठी विचारून राह्यली."

मला राग आला. रागाचं कारण ते बरोबर बोलले हे नव्हतं. मला शंका होती की चाचांनाही ते टोक ठरलेलं असणं सोयीचं वाटतंय. ज्याच्या डोक्यावर थोरल्या घराचा हात, त्याला दुसरा भोई येऊन होडीचं काम घेईल ही भीती नाही. ही शंका मी कधी पुसली नाही. आजही ती जागेवर आहे.

आमच्या संघटनेतल्या मित्रांना सांगितलं, तर ते लगेच मोटारसायकली काढून आले. एकानं होडी फिरतानाचा व्हिडिओ काढला. दुसरा म्हणाला, "केस करू. पेटवू जिल्ह्यात." मी विचारलं, "केस झाल्यावर माझी माय रोज कोणत्या होडीत बसून कामाला जाईल?" तो म्हणाला, "व्यापक विचार कर." वडनेर भोलजीला त्याच्या घरासमोरून डांबरी रस्ता जातो. व्यापक विचार करायला त्याला जागा भरपूर आहे. त्यांच्यावरही माझा विश्वास तेव्हापासून जरा कमी बसतो. त्यांना माय नको होती, मायचा फोटो हवा होता.

मग शाळेतून निरोप आला. शाळा समितीची बैठक आहे, स्वयंपाकाच्या बाईनं हजर राहावं. समितीचा अध्यक्ष काकाजींचा पुतण्या. विषय एकच, खिचडीला होणारा उशीर. निरोप आणणाऱ्या शिपायानं चहा पिता पिता हेही सांगितलं की दुसरी बाई बघून ठेवलेली आहे.

त्या संध्याकाळी माय तांदूळ निवडत होती, घरचेच. मी म्हटलं, "माय, उद्या मी बोलते. तू काही बोलू नको."

"काऊन वो? कामावरून मले काढून राह्यले का तुले?"

"तू घाबरशीन."

"घाबरते ना. काम गेलं तं तुह्या भावाच्या पोरीच्या तोंडात काय घालू, हे भेव वाटते मले. बोलायचं भेव नाही वाटत."

भाऊ सुरतेला आहे, येतो कधी कधी. वहिनी आजारी. घरात पक्कं काम मायचंच. माझं संघटनेचं काम हे काम म्हणून आमच्या घरात कोणी धरत नाही, आणि मीही त्यावर वाद घालत नाही.

बैठक शाळेच्या व्हरांड्यात झाली. अध्यक्ष खुर्चीवर, मुख्याध्यापिका मॅडम टेबलाशी, पालक सतरंजीवर. मी दारात उभी राहिले.

"तू पालक हाये का?" अध्यक्षानं विचारलं.

"भाची दुसरीत हाये. तिची माय आजारी हाये. मी आली."

"भाची?" तो म्हणाला. "भावाची पोरगी तं पुतणी लागते."

"माह्या भावाची पोरगी मले भाचीच लागते," मी म्हटलं. "आत्या हाव मी तिची. तुम्ही काका हा, म्हणून तुम्हाले पुतणी लागन."

कोणी तरी खाकरलं. तो विषय सोडून तो मूळ विषयावर आला. बोलायला तो गोड आहे. "पाहा, कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही आपल्याले. पण पोरं उपाशी राह्यतात. मधली सुट्टी होते अन् खिचडी गॅसवरच. उशीर म्हणजे उशीर. दुसरी सोय पाहावं लागन."

उशीर हा शब्द तो असा हलकेच उच्चारत होता, जसा डॉक्टर सुई टोचण्याआधी हात चोळतो.

मॅडमनी मायकडं पाहिलं. "उशीर का होतो हो?"

"होडी फिरवायले वेळ लागते मॅडम," माय म्हणाली.

"पण ही होडी फिरवावी लागत नाही ना? दोन्हीकडून सारखी आहे."

"हाव. सारखीच हाये."

"मग फिरवतात कशाला?"

मला वाटलं माय आता देवाचं सांगेल. शेंदराचं, पूजेचं. सगळ्यांनाच तसं वाटलं असावं, कारण अध्यक्ष मागे टेकून बसला.

"काकाजीले समोर बसाचं असते," माय म्हणाली.

सतरंजीवर एक बाई फिस्सकन हसली आणि तिनं लगेच तोंडाला पदर लावला. ती आमच्या गल्लीतली नव्हती. मग कोणीच हसलं नाही.

"काकाजीचं नाव काऊन मधात आणून राह्यली वो तू?" अध्यक्ष म्हणाला. आवाजातला गोडवा गेला होता.

"मी कुठं आणलं? मॅडमनं इचारलं, फिरवते काऊन. म्या सांगतलं. सीधी आणली होडी तं काकाजी येताना मागं पडते. आमी समोर. ते त्याहिले चालत नाही. म्हणून फिरवते. म्हणून उशीर." ती थांबली. "तुमी बी तं बसता कधी कधी त्या होडीत. तुमाले मालूमच हाये."

आता मात्र मला गप्प राहवेना. "मॅडम, ठराव लिहा," मी म्हटलं. "काढा मायले. पण ठरावात कारण लिहावं लागते. नुसतं उशीर लिहून भागत नाही. उशीर काऊन होते ते आता सगळ्यांसमोर सांगितलं. तेच लिहा. सही आम्ही पण करतो."

मॅडमनी पेन उघडलं. वहीवर टेकवलं. मग मान वर करून अध्यक्षालाच विचारलं, "काय लिहू?"

मॅडमनी ते मुद्दाम विचारलं की खरंच त्यांना सुचेना, हे मला आजवर कळलेलं नाही. तोवर त्यांनी आमच्या बाजूनं एक शब्द काढला नव्हता आणि नंतरही काढला नाही. पण त्या क्षणी तो प्रश्न अध्यक्षाच्या मांडीवर जाऊन पडला. ते वाक्य एकदा कागदावर आलं, की तो कागद तालुक्याला जाणार, तिथून कुठंही जाणार, आणि त्या वाक्यात देव नव्हता, नुसते काकाजी होते. पुतण्या शिकलेला आहे. त्याला ते तेवढ्यात दिसलं.

"राहू द्या," तो म्हणाला. "ह्या टायमाले समज देऊन सोडून देऊ."

"समज कोणाले?" मायनं विचारलं.

त्यानं पुढचा विषय काढला, शौचालयाच्या दाराचा.

दुसऱ्या दिवशी चाचांनी होडी फिरवली नाही. निळं टोक पुढं, शेंदराचं मागं, बोळातून सरळ बाहेर. मी विचारलं, "चाचा, आज काय झालं?"

"फोन आला होता रातच्याले. म्हणे आता फिरवू नको, खुंटाले लागून फुटन."

"अन् देव?"

"देवाचा फोन नाही आला," चाचा म्हणाले आणि वल्ही मारू लागले.

मला यात जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. कोणाला लाज वाटली म्हणून हे झालं नव्हतं, कागदाच्या भीतीनं झालं होतं. कागदाची भीती उतरते. त्यावर दुसरा कागद निघतो. वर्ष संपताना मायचं काम पुढं चालू ठेवायचं की नाही हे परत त्याच समितीत ठरतं, तेव्हा कोणता नवा शब्द काढतील, हे मी आतापासून शोधत असते. स्वच्छता म्हणतील. वय म्हणतील. मी दोन्हींची उत्तरं तयार करून ठेवली आहेत.

काकाजी काही दिवस होडीत आलेच नाहीत. पुतण्याच्या गाडीवर वळशानं गेले. मग एक दिवस आले ते खुर्ची घेऊन. हाताची, निळी, प्लास्टिकची. ते स्वतः उचलत नव्हते. आमच्याच गल्लीतला एक माणूस, मी ज्याला मामा म्हणते, जो त्यांच्या केळीत कामाला आहे, तो उचलत होता. जाताना त्यानं खुर्ची एका टोकाला ठेवली. येताना सगळ्यांच्या डोक्यावरून ती दुसऱ्या टोकाला नेली आणि तोंड वळवून ठेवली. आम्ही गुडघे आवळून त्याला वाट दिली. काकाजी त्यावर बसले, आणि होडी हलली की खुर्ची सरकते म्हणून मामा तिचा पाय धरून खाली बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या काठावर उतरल्यावर मी मामाला बाजूला घेतलं. "मामा, तुम्ही काऊन उचलता? त्याले म्हणा ना, स्वतः उचल म्हणून. मी हाये तुमच्या मागं."

त्यानं आधी काकाजी पारापर्यंत गेलेत का ते पाहिलं.

"तुह्या मायचं काम राह्यलं ना?"

"राह्यलं."

"मंग माह्यं काऊन पाहून राह्यली?"

मला उत्तर सुचलं नाही असं नाही. मला उत्तरं येतात, तेवढं शिक्षण संघटनेनं दिलंय. पण तो थांबलाच नाही, खुर्ची सावलीत ठेवायला गेला. मी मायला म्हटलं, पाहिलंस का, आपल्याच माणसाच्या हातानं चाललंय. मायनं शाळेच्या वाटेकडं पाहिलं. पोरं प्रार्थनेला उभी राहत होती.

"पाह्यलं," ती म्हणाली. "त्याले पत्रकात घेऊ नको." आणि ती तांदूळ धुवायला निघून गेली.